ट्वीटरमधलं काळं तेल

नांदेड-भैंशाकडच्या मुधोळच्या बसस्टँडसमोर डोमाजीचं दुकान होतं. रेडिओ आणा, टेप आणा, लग्नातला भोंगा आणा, डोमाजी तो आधी उघडायचा आणि उघडला की आधी पुसायचा. बिघाड काय आहे ते मागून बघू. गावात जिनिंगचे कारखाने, हिवाळाभर हवेत रुई उडत असते. ती रेडिओत शिरते, टेपच्या चाकांत गुंतते, स्पीकरच्या चुंबकापाशी लोखंडाच्या किसात जाऊन बसते. निम्मे बिघाड नुसत्या पुसण्यानंच जातात हे डोमाजीनं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचा एक कायदाच होऊन गेला. आत काही चिकट, काळं दिसलं की ते बाहेरून आलेलं समजायचं आणि काढून टाकायचं. डोमाजीच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. म्हणोत बापडे, पण ते ऐकून ऐकून हा गडी जरा चढून बसला होता, हे सांगितलंच पाहिजे.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. तेव्हा मुधोळ-भैंशाकडची पोरं झुंडीनं आखाती देशांत जात होती. गयाबाईचा केशव त्यांतलाच, दुबईत क्रेन चालवायचा. पत्र लिहायचा कंटाळा आणि आईला वाचता येत नाही, म्हणून सगळा कारभार कॅसेटवर चालायचा. गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती केशव कॅसेट पाठवायचा, इकडून कुणी निघालं की त्याच्या पेटीत गयाबाई आणि केशवची बायको कुसुम आपली कॅसेट घालायच्या. केशवची शिस्त ठरलेली होती. पहिली बाजू आईची, दुसरी बाजू बायकोची. आईची बाजू सगळी गल्ली ऐकायची. बायकोची बाजू कुसुम दुपारी ऐकायची, सासू मळ्यात वांगी तोडायला गेली की दार लोटून, आवाज बारीक करून. गयाबाईला ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल ती कधी चकार शब्द काढायची नाही. बाई तोंडाची तिखट, पण तेवढं मन होतं तिच्यात.

कॅसेट ऐकायला केशवनं मागच्या खेपेला एक जपानी डेक आणि दोन लाकडी खोकी आणून दिली होती. प्रत्येक खोक्यात खाली मोठा स्पीकर आणि वर छोटासा ट्वीटर. मोठा स्पीकर ढोलकीचं काम करतो, ट्वीटर टाळांचं. माणसाच्या बोलण्यातले स, श, च असले बारीक आवाज ट्वीटरमधून येतात. तो बसला की बोलणारा माणूस तोंडावर घोंगडी घेऊन बोलतोय असं वाटतं.

आणि नेमका तसाच आवाज एका खोक्यातून येऊ लागला. खोकं टिनाच्या छपराखाली, भिंतीवरच्या फळीवर, आणि त्या उन्हाळ्यात टिन असं तापलं होतं की पाल बसत नव्हती. फळीच्या खाली कुसुमचं शिलाई मशीन. गल्लीतल्या बायांची पोलकी ती शिवायची, त्यावर स्वतःची हौसमौज भागवायची, सासूपुढं हात पसरायची वेळ येऊ द्यायची नाही. मशीनच्या पायाशी तेलाची झारी ठेवलेली असायची. ही झारीच पुढं तिच्या मुळावर आली.

गयाबाईनं डोमाजीला घरी बोलावलं. दुबईचं खोकं उघडणार म्हणून शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. डोमाजीनं ट्वीटर काढला, चाकूच्या टोकानं त्याची वाटी उचलली. आत चुंबकाभोवती एक अरुंद चरी असते, तीत तांब्याच्या तारेची कॉईल हलते आणि तिच्यामुळं आवाज निघतो. त्या चरीत काळंकुट्ट, चकचकीत, दाट काहीतरी भरलेलं होतं. डोमाजीनं कापूस लावला तर ते सुटेना, ओढलं की परत चुंबकाकडंच धावायचं.

"गयाकाकू, हे तेल कोणी टाकलं याच्यात?"

"तेल? कायचं तेल?"

"मशीनचं. पाहा ना, लोखंडाचा कीस बसला अन् त्याच्यावर तेल पडलं. चिखल झाला सगळा."

गयाबाईची नजर मशीनवर गेली, मशीनवरून झारीवर आणि झारीवरून सुनेवर.

"म्या नाई टाकलं," कुसुम म्हणाली. "मशीनचं तेल पाण्यावानी पांढरं राह्यते भाऊ. हे तर काळं हाय."

"पांढऱ्याचं काळं व्हायले काय लागते वहिनी? तुमी नाई टाकलं तर मंग आलं कुठून, आभाळातून गळलं का?"

दारातल्या बाया हसल्या. डोमाजीलाही आपला विनोद आवडला.

मग डोमाजीनं दुसरं खोकंही उघडलं. ते चांगलं वाजत होतं, उघड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण उघडल्याशिवाय याला चैन कुठली. वाटी उचलली तर त्यातही तेच. तेवढंच, चरीत सगळीकडून सारखं बसलेलं, फक्त जरा पातळ. आता तुम्हीच सांगा, सांडलेलं तेल कधी दोन बंद खोक्यांत मापून सांडतं का? डोमाजीचा हात थांबला. हे काहीतरी मुळातलंच आहे, असं त्याच्या मनात चमकून गेलं. पण तोंडातून शब्द निघून गेला होता, बाया हसून झाल्या होत्या. आता सगळ्यांदेखत 'थांबा, माझं चुकलं असेल' म्हणायचं? त्यानं कापूस पेट्रोलमध्ये बुडवला आणि दुसरंही कोरडं ठक्क पुसून काढलं.

खोकी लावली, केशवची कॅसेट घातली, आणि काय तो आवाज. लखलखीत. केशव 'आई, स्वतःले सांभाळ' म्हणाला तर जणू शेजारी बसून म्हणतोय. गयाबाईनं पदर डोळ्यांना लावला. आवाज सुधारला म्हणजे डोमाजी बरोबर, आणि डोमाजी बरोबर म्हणजे सून खोटी. असा हिशेब त्या घरात एका क्षणात होऊन गेला आणि डोमाजी चहा पिऊन, वर पैसे न घेता, ताठ मानेनं दुकानात परतला.

त्याच आठवड्यात शिलाई मशीन बैलगाडीत चढलं आणि भैंशाला गयाबाईच्या लेकीकडं गेलं. ज्याला वस्तूची कदर नाही त्याच्या हाताशी वस्तू नको, असं गयाबाईचं म्हणणं पडलं. कुसुम दारात उभी राहून गाडी जाताना बघत होती, असं डोमाजीच्या कानावर आलं. त्यानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

पुढं शेजारी बारसं निघालं. गयाबाईनंच हौसेनं खोकी दिली, सेटपाशी बसायला सुनेला सांगितलं, आणि 'जरा मोठ्यानं लाव, वेशीपर्यंत जाऊ दे' असंही तिनंच सांगितलं. दुपारपासून गाणी चालू होती. पाळणा म्हणायची वेळ आली तोवर दोन्ही ट्वीटर मुके झाले होते आणि खोक्यांतून जळकट वास येत होता. डोमाजीला बोलावलं. त्यानं उघडून पाहिलं, दोन्ही कॉईल जळून काळ्या पडलेल्या.

"लई जोरात लावलं असन," तो म्हणाला. गयाबाई सुनेकडं बघत राहिली. दुबईला गेलेल्या पुढच्या कॅसेटमध्ये तिनं सगळं सांगितलं, झारीपासून बारशापर्यंत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

नवे ट्वीटर आणायला डोमाजी नांदेडला गेला. तिथं उत्तमराव नावाच्या माणसाचं स्पेअरपार्टचं दुकान होतं. ट्वीटर दाखवता दाखवता उत्तमरावनं कपाटातून एक बारीक नळी काढली. मुंबईहून नवीन माल आलाय, म्हणाला. त्यानं कागदावर काळा थेंब टाकला आणि खालून चुंबक फिरवला. थेंबाला सराट्यासारखे काटे फुटले, चुंबक जिकडं जाईल तिकडं ते काटे चालू लागले.

"चुंबकी तेल," उत्तमराव म्हणाला. "बाहेरच्या ट्वीटरमध्ये कंपनीच भरून देते. चरीत बसतं, चुंबक त्याला धरून ठेवतो. कॉईल तापली की तिची गर्मी हे ओढून लोखंडाला देतं. शिवाय कॉईल फाजील थरथरत नाही, आवाज आवरून राहतो."

"अन् ते घट्ट झालं तर?"

"होतं कधी कधी, उन्हानं, जुनं झाल्यानं. मग आवाज दबतो. जुनं काढायचं आणि नवं भरायचं."

डोमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "अन् समजा कोणी नुसतंच पुसून काढलं?"

"मग काही दिवस आवाज एकदम मोकळा वाटतो, तिखट. गिऱ्हाईक खूश. आणि एखाद्या लग्नात मोठ्यानं लावलं की कॉईल गेली. का हो, कुणी पुसलं की काय?"

"आमच्याकडं हाय एक येडा," डोमाजी म्हणाला आणि हसला. उत्तमरावही हसला. त्या हसण्याची डोमाजीला इतकी शिसारी आली की बाहेर येऊन तो पानटपरीपाशी नुसताच उभा राहिला, पान घ्यायचंही त्याला सुचलं नाही. तेलाची नळी खिशात होती. भैंशाच्या बसमध्ये सगळी वाट त्याचा हात त्या खिशावर जात होता आणि मागं येत होता.

आता जाऊन सांगायचं, बस. एवढंच तर काम होतं. पण डोमाजीनं स्वतःला पटवलं की रिकाम्या हातानं जाऊन काय सांगायचं? आधी ट्वीटर नीट जमवू, तेल भरून पाहू, मग सेट वाजता करून देऊ आणि त्याच बोलण्यात हेही सांगून टाकू. माणसाला पळ काढायचा असला की कारणं कशी भराभर सुचतात.

तेवढ्यात एके दुपारी कुसुमच दुकानात आली. हातात कॅसेट.

"भाऊ, ही दुसरी बाजू पाहता का जरा? आवाज पुसला गेला का, का टेप खराब झाला? तिकडून येतानी उन्हात ठेवली असन कोणी."

डोमाजीनं कॅसेट घातली. पहिली बाजू ठीक होती, केशव आईशी बोलत होता. दुसरी बाजू लावली. नुसती खरखर. त्यानं पुढं पळवली, पुन्हा लावली, आवाज वाढवला. खरखर. कुसुम टेबलाची कड धरून उभी होती, डेकच्या फिरत्या चाकांकडं एकटक बघत. डोमाजीनं हेड पुसलं, खरं तर ते पुसायची काही गरज नव्हती, आणि शेवटपर्यंत टेप चालू ठेवला.

टेप संपला. खिशातली नळी डोमाजीला छातीवर टोचत होती. सांग, आत्ता सांग, असं आतून कुणीतरी ढकलत होतं.

"टेप चांगला हाय वहिनी," तो म्हणाला. "कोराच हाय."

"बरं," ती म्हणाली. तिनं कॅसेट पदराआड घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीनं ताटातली भाकरी तशीच टाकली. बायको, राहीबाई, चुलीपुढून बघत होती.

"काऊन टाकून राह्यले? परवापासून पाहून राह्यली मी."

मग डोमाजीनं तिला सगळं सांगितलं. तेल कसलं होतं ते, दुसऱ्या खोक्यापाशी हात कसा थांबला ते, कोऱ्या बाजूचं. राहीबाईनं तवा उतरवला.

"मंग जाऊन सांगा. सांगायले काय लागते?"

"अवं, उद्या गावभर होईन. डोमाजीनं दुबईचा सेट जाळला म्हणतीन. माझ्या दुकानात कोण येईन मंग?"

"अन् तिच्याकडं कोण येऊन राह्यलं? नवऱ्यानं बोलणं टाकलं तिचं." राहीबाईनं त्याचं ताट उचललं. "मले नका सांगू. तिले सांगा."

एवढं ऐकूनही गडी त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती. मग पोळा आला. मग ट्वीटरची एक तार बारीक निघाली म्हणून पुन्हा नांदेड. मूग गिळून बसणं किती लांबवता येतं ते डोमाजीकडून शिकावं. दुकानात बसला की प्रत्येक येणारी बाई त्याला कुसुमच वाटायची, आणि ती नाही असं दिसलं की त्याला आधी हायसं वाटायचं आणि मग स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

असे दोन महिने घालवून शेवटी गेला. ट्वीटर तयार होते, चरीत नवं तेल बेतानं भरलेलं होतं. गयाबाई मळ्यात गेली होती, कुसुम ओसरीवर तूर निवडत होती. भिंतीपाशी मशीनची जागा रिकामीच होती. डोमाजीनं फळीवरून खोकी उतरवली, ट्वीटर बसवू लागला, आणि मान खाली घालून, स्क्रूकडं बघत बघतच त्यानं सांगून टाकलं. ते तेल कंपनीचं होतं. पुसायचं नव्हतं. जळालं ते त्याच्यामुळं जळालं. वहिनी, तुमचा काही दोष नव्हता.

कुसुमनं सुपातली तूर दोनदा पाखडली.

"दुसरं खोकं उघडलं तवा तुमचा हात थांबला होता," कुसुम म्हणाली. "म्या पाह्यलं. मले वाटलं, आता भाऊ बोलतीन."

डोमाजीला वाटलं, हिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या सोसल्या असत्या.

"मी आज सांगतो गयाकाकूले. केशवले बी सांगतो, कॅसेटीत बोलतो. मशीन परत आणू."

"नका सांगू."

"काऊन?"

"म्या कबूल केलं भाऊ." तिनं सूप खाली ठेवलं. "कोरी बाजू आली ना, त्याच्यानंतर. तेल म्याच सांडलं म्हणून कॅसेटीत बोलून देलं. मशीनले तेल देतानी सांडलं, भेव वाटला म्हणून लपवलं, माफी करा. असं. सासूबाईच्या समोरच बोलली."

"पण तुमी सांडलंच नव्हतं."

"ते मले ठाऊक हाय. तिकडं त्याह्यले कोण सांगन? मी नाई म्हणत गेली असती अन् कोऱ्या बाजू येत गेल्या असत्या. आता परवा आली, तर दोनी बाजू भरून आली." तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. "आता तुमी खरं सांगतलं तर ते काय म्हणतीन? टाकलं नव्हतं, तर टाकलं म्हणून काऊन सांगतलं? म्हणजे हिले असं गळा काढून खोटं बोलता येते. मंग माझं कोणतं बोलणं खरं धरतीन ते? आज मी नुसती चुकली हाय. तुमी बोलले का मी खोटी होईन. तुमचं मन हलकं होईन भाऊ, माझं घर पुन्हा उकरल्या जाईन."

ती म्हणत होती ते बरोबर होतं. पोळ्याच्या आधी आला असता तर हे झालं नसतं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

गयाबाई वांग्यांची पाटी घेऊन आली. खोकी उतरवलेली पाहून तिचा चेहरा उजळला. पाटी ठेवायच्या आधीच तिनं परवाची कॅसेट काढून दिली.

"लाव बाप्पा. इतके दिवस माह्या लेकाचा आवाज मडक्यातून आल्यावानी ऐकला म्या."

डोमाजीनं लावली. आवाज छान आला, भडक नाही, दबका नाही, जसा त्या सेटचा पहिल्या दिवशी असेल तसा. गयाबाई फळीखाली फतकल मारून बसली. केशवनं आधी मळ्याचं विचारलं, मग म्हशीचं.

"अन् आई," केशव पुढं बोलला, "कुसुमनं सगळं कबूल केलं. आता तो विषय काढू नको. माणसानं खरं बोललं का झालं. तिनं आधीच सांगतलं असतं तर एवढं झालंच नसतं. डोमाजीभाऊले माझा नमस्कार सांग. त्याह्यनं तवा स्पष्ट सांगतलं म्हणून कळलं तरी. असा माणूस गावात पाह्यजे."

"ऐकलं का," गयाबाई कौतुकानं म्हणाली. मग सुनेकडं वळली. "चहा टाक वं यांच्यासाठी. उभी काय राह्यली?"

कुसुम आत गेली. डोमाजीला वाटलं, आता तरी बोलावं, काय व्हायचं ते होऊ दे. तोंड उघडायला तो तयार होता. पण आतल्या दारात तिची सावली थांबलेली त्याला दिसत होती. तिनं मना केलं होतं. त्यानं उरलेले स्क्रू उचलले, एकेक करून डबीत टाकले.

चहा आला. गयाबाई बोलत होती, लोकांनी डोमाजीकडून कसं शिकावं ते. तो मान डोलवत होता. आणि पहिला घोट घेता घेता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आतून बरं वाटतंय. आता कुणाला काही सांगायचं नाही. दुकान शाबूत, नाव शाबूत, दुबईहून नमस्कार आला, आणि गप्प राहायला तर तिनंच सांगितलंय. एवढ्या महिन्यांत वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या बरं वाटण्याची वाटली. चहा घशात अडकला, जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, सावकाश," गयाबाई म्हणाली.

कुसुमनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला आणि ती पुन्हा तुरीच्या सुपाशी जाऊन बसली.